गाव नवं वसलं, पार मात्र मागंच राहिला

लातूरहून औशामार्गे उमरग्याकडं निघालं की लामजन्याच्या पुढं किल्लारी लागते. नव्या माणसाला हे गाव पाहून थोडं नवल वाटतं. रस्ते सरळ, चौक काटकोनात, घरं रांगेत. घराच्या पुढं-मागं लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणं पत्र्याचं छप्पर ओढलेलं, कुठं एखादी खोली वाढवलेली, दारात कडुलिंब. मराठवाड्यातलं जुनं गाव असं नसतं. तिथं बोळातून बोळ फुटतो, वाड्याला वाडा टेकलेला असतो आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला गावात कोण आलं, कोण गेलं, हे मान न वळवताही कळतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या भागाची जमीन हलली. त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या भूकंपाबद्दल भरपूर लिहून झालं आहे, मेलेल्यांची मोजदाद झाली, मदतीचा हिशोबही झाला. एका गोष्टीचा हिशोब मात्र कुणी फारसा मांडला नाही. गाव उठून नव्या जागी गेलं तेव्हा गावची बातमी कुठं गेली? कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची म्हैस हरवली, ग्रामसभा कधी आहे, अनुदानाची यादी लागली का, रात्री नदीला पाणी किती आलं, हे सगळं गावाला कळायचं ते कोणत्या वाटेनं, आणि आज कोणत्या वाटेनं कळतं?

विषय किल्लारीचा दिसतो, पण तो लातूर-नांदेडच्या प्रत्येक सरपंचाचा आणि ग्रामसेवकाचा आहे.

बातमी आली होती, ऐकली कोणी?

जुन्या लोकांना आठवत असेल, १९९३ च्या आधी वर्षभर किल्लारी परिसरात धक्के बसत होते. १९९२ च्या ऑगस्टपासून भांडी वाजायची, जमिनीतून आवाज यायचा. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यातल्या त्यात मोठा होता. लोक घाबरून घराबाहेर झोपू लागले, गाव हलवा अशी मागणीही झाली. नंतर धक्के कमी झाले. भीती किती दिवस उशाला घेऊन झोपणार? माणसं पुन्हा घरात गेली.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती विसर्जन झालं, मिरवणुकीतून दमून आलेली माणसं उशिरा झोपली. पहाटे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात असे भूकंप होतात आणि काही ठिकाणी त्यात बोटावर मोजण्याइतकीच माणसं दगावतात. इथं मात्र लोक मेले ते घराखाली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाचं माळवद आणि माळवदावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती टाकायची रीत. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे थडगं झालं. बोळ अरुंद असल्यानं बाहेर पडलेल्यालाही पळायला जागा नव्हती.

म्हणून जुनं गाव चांगलं होतं आणि नवं वाईट, असं म्हणायचं नाही. तसं म्हणणं मेलेल्यांचा अपमान ठरेल. पण घराची भिंत जशी ढासळली तशी गावातल्या माणसामाणसांतली एक वीणही उसवली, आणि ती शिवायला कोणी गवंडी येत नाही.

जमिनीच्या मापानं शेजार

भूकंपानंतर शासनानं गावांचे वर्ग पाडले. सर्वांत जास्त नुकसान झालेली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवायची ठरली. काही गावांत आहे त्याच जागी घरं बांधायची आणि बाकीच्या शेकडो गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची. जागतिक बँकेच्या कर्जातून हा कार्यक्रम १९९४ पासून पुढं चालला. देशभरातल्या संस्था, उद्योगसमूह आणि इतर राज्यं धावून आली.

स्थलांतरित गावांत घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. हिशोबाला हे सोपं होतं, कागदावर न्यायाचंही दिसत होतं. पण बऱ्याच ठिकाणी एका मापाची घरं एका ओळीत आली. त्यामुळं शेजार ठरला तो सातबाऱ्यावरून. जुन्या गावात भावकी एका गल्लीत होती, सासुरवाशिणीला हाक मारली की पलीकडच्या भिंतीतून ओ येत होती. सख्खे भाऊ वेगळे निघाले असतील आणि वाटणीत एकाकडं कमी जमीन आली असेल, तर एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला गेला.

त्यात गाव पसरलं. रुंद रस्ते, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा. भूकंपाच्या दृष्टीनं हे योग्यच. पण गाव जुन्यापेक्षा कितीतरी पट ऐसपैस झालं, तेव्हा त्याची किंमत दोघांना मोजावी लागली. एक ग्रामपंचायत, कारण रस्ता लांब, नळाची लाईन लांब, दिव्याचे खांब जास्त आणि वसुली तेवढीच. दुसरं म्हातारं माणूस. पहिल्यासारखं काठी टेकत चार पावलं चालून पारावर जाऊन बसणं त्याला जमेना.

पाराचं काम काय होतं, हे पार गेल्यावर लक्षात येतं. पार म्हणजे गावचं पेपरही आणि कचेरीही. 'काय मामा, पाऊस कुठवर आलाय म्हणं?' असं विचारत माणूस टेकायचा आणि उठताना दहा बातम्या घेऊन जायचा. कुणाला खताची गोणी कमी पडली, कुणाची सोयरीक मोडली, तलाठी कोणत्या दिवशी येणार, हे सगळं तिथं फुकट मिळायचं. बायांचा पार म्हणजे आड, पाणवठा आणि ओटा. नळ दारात आला, डोक्यावरचा हंडा उतरला, ही मोठीच सोय. त्याबरोबर पाणवठ्यावरची घडीभराची भेटही गेली, हे कुणी योजनेत लिहिलं नव्हतं.

लोक मात्र गप्प बसले नाहीत. हळूहळू त्यांनी नवं गाव आपलंसं केलं. दारापुढं ओटा घातला, छप्पर ओढलं, झाडं लावली. झाड मोठं झालं तशी त्याच्या बुडाशी माणसं बसू लागली. कुठं चहाच्या टपरीचा पार झाला, कुठं देवळाच्या पायरीचा, कुठं एसटीच्या थांब्याचा. नकाशात नसलेले पार लोकांनी आपले आपण पाडले. पण हे पार एक नाहीत, पाच-सहा आहेत, आणि एका पारावरची गोष्ट दुसऱ्यावर पोचेलच याची खात्री नाही.

बातमी वाहणाऱ्या बाया

या सगळ्या कामात एक गोष्ट अशी घडली की तिची आठवण आज प्रत्येक ग्रामपंचायतीनं ठेवावी. दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम तेराशेच्या आसपास गावांत पसरलेला होता. घरमालकानं स्वतः काम करून घ्यायचं, पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. पण हप्ता कधी येणार, कागद कोणता लागतो, भिंतीत आरपार दगड का घालायचे, कोपरे कसे बांधायचे, माळवदावरची माती का कमी करायची, हे गावाला सांगणार कोण? इंजिनिअर एक आणि गावं दहा.

तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावागावांत 'संवाद सहायक' म्हणून बाया नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांनी या कामाला दिशा दिली. २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं. संवाद सहायक म्हणजे गावातलीच बाई. घरोघरी जायचं, बायांची बैठक घ्यायची, शासनाचं म्हणणं गावाला आणि गावाचं म्हणणं शासनाला पोचवायचं. आधी जिला उंबऱ्याबाहेर बोलायची सवय नव्हती, ती बाई गवंड्याला विचारू लागली की हा पट्टा इथं का नाही घातला. सिमेंट-वाळूचं प्रमाण बायांच्या तोंडी आलं.

या बायांचे पुढं बचत गट झाले. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला गुजरातेत गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही हा अनुभव कामी आला. मराठवाड्यानं देशाला सोयाबीन आणि डाळच दिली असं नाही, हेही दिलं.

यातून शिकायचं ते एवढंच की बातमी पोचवणं हे काम आहे. ते आपोआप होत नाही. त्याला माणूस लागतो, त्या माणसाला नाव लागतं, जबाबदारी लागते आणि गावाचा विश्वास लागतो.

आजचा पार खिशात

आता बहुतेक गावांत ग्रामपंचायतीचा मोबाईलवर ग्रुप आहे. ग्रामसभेची नोटीस, लसीकरणाची तारीख, ई-पीक पाहणीची मुदत, दाखला, श्रद्धांजली, वाढदिवस, सगळं एकाच ठिकाणी येतं. सोय झाली हे खरं. दवंडी देणाऱ्याच्या मागं फिरावं लागत नाही. दवंडीचंही उगाच कौतुक नको. ती हलगी वर्षानुवर्षं एकाच समाजाच्या गळ्यात होती, उन्हातान्हात फिरून गावाला सांगायचं आणि बदल्यात शिळंपाकं घ्यायचं, हेही त्या दवंडीबरोबर आठवलं पाहिजे. ती सक्ती गेली हे बरंच झालं.

पण ग्रुपमध्ये नसतो कोण, हे एकदा मोजून पाहावं. ज्याच्याकडं साधा फोन आहे तो म्हातारा. जिच्या घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात असतो ती बाई. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब. गावाबाहेरच्या वस्तीवर, तांड्यावर राहणारे. विरोधी पार्टीचा म्हणून ग्रुपमधून काढून टाकलेला. म्हणजे योजनेची सर्वांत जास्त गरज ज्यांना, नेमके तेच नोटिशीच्या बाहेर. परत दीडशे 'शुभ सकाळ'मध्ये एक नोटीस आली तर ती वाचली किती जणांनी, हेही विचारायला हवं.

ग्रामसभेच्या बाबतीत हे फार महागात पडतं. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची अट नाही. इथंच खरी मेख आहे. नोटीस पोचली नाही तर पहिल्या सभेला लोक येत नाहीत, आणि दुसऱ्या सभेला पंधरा-वीस माणसांत सगळ्या गावाचं ठरून जातं. घरकुलाची यादी, विहिरींचे लाभार्थी, रस्त्याची कामं. मग सहा महिन्यांनी कळतं आणि भांडण लागतं. 'आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई' असं एकानं म्हणायचं आणि 'ग्रुपवर टाकलं होतं की' असं दुसऱ्यानं. दोघंही खरं बोलतात. तोटा मात्र एकाचाच होतो.

ग्रामसेवक मंडळींचीही बाजू आहे. २०२४ पासून कागदावर ग्रामसेवकाचं नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आणि तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी'. गावाच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत. नाव मोठं झालं तरी काम कमी झालेलं नाही. एकेकाकडं दोन-दोन गावं, वर ऑनलाईनची कामं. घरोघर जाऊन सांगायला त्यांना वेळ कुठून असणार? म्हणूनच संवाद सहायकासारखा गावातला माणूस लागतो.

वेळेवर पोचलेली बातमी म्हणजे जीव

ग्रामसभेची नोटीस चुकली तर घरकुल जातं. काही बातम्या मात्र चुकल्या तर माणूस जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत अतोनात पाऊस झाला. हसनाळसारख्या गावांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं आणि माणसं दगावली. अशा रात्री वीज जाते, टॉवर बंद पडतो, फोनची बॅटरी संपते. ग्रुपवरचा निरोप कुणाच्याच उशाशी वाजत नाही. तेव्हा उपयोगाला येतो तो देवळाचा किंवा मशिदीचा बॅटरीवरचा भोंगा, दार ठोठावणारा पोरगा आणि 'उठा, पाणी आलं' ही हाक.

भूकंपाचंही तसंच. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले आणि किल्लारीच्या आठवणीनं लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला सकाळी हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. नांदेडपर्यंत भांडी वाजली. दोन्ही वेळा खऱ्या बातमीच्या आधी अफवा गावभर फिरली. 'आज रात्री मोठा होणार म्हणं' असा निरोप आला की लेकरंबाळं घेऊन लोक रस्त्यावर. भूकंप अमुक वाजता होणार हे जगात कुणालाच आधी सांगता येत नाही. एवढं एक वाक्य प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलं तरी निम्म्या रात्री सुखाच्या जातील. आणि उरलेली अक्कल घराच्या भिंतीकडं लावावी. अजूनही अनेक गावांत माळवदाची जुनी घरं उभी आहेत, त्यांवर मातीचा थर आहे आणि खाली माणसं झोपतात.

गावानं काय करावं?

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक गल्लीत, वस्तीवर आणि तांड्यावर एक-एक फळा लावावा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा एकच फळा पसरलेल्या गावाला पुरत नाही. नोटीस मोठ्या अक्षरात, तारीख, वार आणि वेळेसह खडूनं लिहावी. कागद पावसात जातो.

प्रत्येक पन्नास घरांमागं एक बाई आणि एक तरुण असे दोघं ठरवावेत. बचत गटाच्या अध्यक्षा, आशाताई, अंगणवाडीताई यांच्याकडं घरांची माहिती तयारच असते. मात्र त्यांच्यावर फुकटचा बोजा टाकू नये. ग्रामपंचायतीनं ठराव करून त्याचा मान आणि मोबदला द्यावा. एकाच जातीच्या किंवा एकाच पार्टीच्या माणसांकडं हे काम देऊ नये, नाहीतर नवी दवंडी पुन्हा जुन्या वाटेनं जाईल.

ग्रामसभेची वेळ शेतीच्या कामाकडं पाहून ठरवावी. सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत भर दुपारी सभा ठेवली तर येणार कोण? नोटीस किती घरी पोचली याची सही घेऊन ती सभेत वाचून दाखवावी. वाचायला लागले की पोचवायलाही लागतील.

रात्रीच्या संकटासाठी नदीवरच्या गावांनी वरच्या गावातल्या चार जणांचे आणि खालच्या गावातल्या चार जणांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. भोंगा आणि बॅटरी कुणाकडं आहे, किल्ली कुणाकडं आहे, हे पावसाळ्याआधीच ठरावं. पाणी दारात आल्यावर किल्ली शोधत बसू नये.

आठवडी बाजार आणि जत्रेचाही उपयोग करावा. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार असो की मार्गशीर्षातली माळेगावच्या खंडोबाची यात्रा, दहा तालुक्यांचा शेतकरी तिथं आपल्या पायांनी येतो. लाल कंधारी आणि देवणी वळूची किंमत जिथं ठरते तिथंच लम्पीच्या लसीची आणि पीक नोंदणीच्या मुदतीची माहिती देणारा एक माणूस बसवला, तर ती माहिती जनावराबरोबर गावोगाव जाते. बाजार हा आपला सगळ्यात जुना पेपर आहे.

दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीतल्या स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, फुलं वाहिली जातात, ज्यांचं घरच्या घर गेलं ती माणसं थोडा वेळ थांबतात आणि नव्या गावाकडं परततात. त्यानंतर दोनच दिवसांनी २ ऑक्टोबर येतो, गावोगाव ग्रामसभेचा दिवस. या दोन तारखा इतक्या जवळ आहेत हा योगायोग असेल, पण त्याचा उपयोग करून घेता येईल. ३० तारखेला गेलेल्यांना हात जोडावेत आणि २ तारखेच्या सभेला असलेल्यांची मोजणी करावी. ज्यांना निरोप पोचला नाही त्यांची नावं त्या दिवशी आधी वाचावीत, मग विषयपत्रिका.